स्वयंसेवेचं स्पॅनिश: तयार कार्डं बरी की संस्थांच्या जाहिराती?

स्पॅनिशची ए-टू पातळी (ए-वननंतरची दुसरी पायरी, पुढची बी-वन) पार केलीय आणि स्पेनमध्ये एखाद्या संस्थेत काही महिने काम करायचं मनात आहे, अशांसमोर हा प्रश्न येतोच. 'बोलुंतारियादो', म्हणजे स्वयंसेवा, या विषयाचे शब्द अँकीसारख्या अ‍ॅपवरच्या तयार कार्डांवरून (एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ) पाठ करावेत, की क्रुथ रोखा (स्पेनचा रेड क्रॉस), कारितास (कॅथलिक चर्चची मदतसंस्था) अशा संस्था स्वयंसेवकांसाठी जी आवाहनं काढतात ती वाचून गोळा करावेत? मी दोन्ही करून पाहिलं आहे.

कार्डांचं श्रेय कार्डांना द्यायलाच हवं. बसमध्ये उभ्याउभ्या उजळणी होते. 'सिन आनिमो दे लुक्रो' (नफ्याचा हेतू नसलेली) असे ठरीव शब्दसमूह तर कार्डांवरूनच पक्के झाले.

अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. मी वापरलेल्या संचात प्रत्येक शब्द एकटा होता. 'कोलाबोरार' म्हणजे सहकार्य करणे, एवढंच. अर्जात 'तुमच्या संस्थेबरोबर अन्नवाटपात मदत करायची आहे' असं लिहायला बसलं, की शब्द येतो पण त्याच्यापुढे काय लावायचं ते सुचत नाही. संस्थेला 'कोन' लागतं, कामाला 'एन': 'कोलाबोरार कोन ऊना ओएनेखे एन एल रेपार्तो दे आलिमेंतोस' (एखाद्या स्वयंसेवी संस्थेबरोबर अन्नवाटपात मदत करणे). नाव नोंदवायचं तर 'आपुंतार्से आ'. 'आयुदार आ' आपल्याला सोपं जातं, कारण आपणही वृद्धां'ना' मदत करतो. 'आपुंतार्से आ'सारख्या ठिकाणी मात्र मराठी कान फसवतो. दर वाक्याला असं अडखळणं मला फार जाचायला लागलं, आणि माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

जाहिरातीत हे जोड आयतेच मिळतात. शिवाय कार्डांत सहसा न दिसणारे शब्दही: 'तुर्नो' (पाळी), 'दिस्पोनिबिलिदाद' (कधी वेळ देऊ शकता), 'आकोम्पान्यामिएंतो' (एकट्या राहणाऱ्या वृद्धांना सोबत). मुलांसोबत काम असेल तर लैंगिक गुन्ह्यांची नोंद नसल्याचा दाखला मागतात, तिथे 'देलितो' (गुन्हा) भेटतो.

वाचता वाचता विषयही कळत जातो. स्पेनच्या 2015 च्या स्वयंसेवा कायद्यानुसार, संस्थेबाहेर केलेली सुटी, प्रासंगिक मदत 'बोलुंतारियादो' ठरत नाही. पण ऑक्टोबर 2024 च्या पुरानंतर वालेन्सियातून झाडू आणि फावडी खांद्यावर टाकून पूल ओलांडत चिखलातल्या गावांकडे निघालेल्या हजारो माणसांना सगळे 'बोलुंतारियोस' म्हणत होते. एकाच शब्दाचे हे दोन वापर कार्डावर कसे मावणार? त्या दिवसांच्या बातम्या जरूर वाचा. 'बारो' (चिखल), 'पाला' (फावडं), 'एचार ऊना मानो' (हातभार लावणे) हे शब्द त्या बातम्या वाचल्यावर वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

अर्थात, परीक्षा तोंडावर असेल तर कार्डंच घ्या, त्यात गैर काही नाही. ए-वनला जाहिरात जडही जाईल. पण महिना-दोन महिने हाताशी असतील, तर मी जाहिरातींकडेच झुकेन. 'कोमेदोर सोस्याल', म्हणजे गरजूंसाठीचं जेवणघर, तिथली एखादी छोटी जाहिरात घ्या आणि क्रियापद त्याच्या शब्दयोगी अव्ययासकट वहीत उतरवा. कार्डं हवीतच वाटली, तर त्या वहीवरून स्वतःची बनवा. कायद्याचा मजकूर मात्र बी-वन झाल्यावरच उघडा.