गाडी तीन दिवसांत, मालकी आठ महिन्यांनी

जुनी गाडी ताब्यात आल्याच्या चौथ्या दिवशी ती विकणाऱ्या दुकानातून निरोप आला, की अनुभव आवडला असल्यास पाच तारे द्यावेत. गाडी नावावर झाल्याखेरीज काही लिहायचे नाही, असे मी तेव्हाच ठरवले. आरसीचे, म्हणजे गाडीच्या नोंदणीचे, कार्ड मागच्या आठवड्यात हाती पडले. मध्ये आठ महिने गेले. म्हणून हा अभिप्राय उशिराचा आहे आणि तारे दोनच आहेत. दुकानाचे नाव देत नाही, कारण हिशेब अजून पुरता मिटलेला नाही. शिवाय इंदूरच्या रिंग रोडवर अशी दुकाने ओळीने आहेत आणि मला आलेला अनुभव त्यांपैकी कुठेही येऊ शकतो.

आधी ते दोन तारे कशाचे, ते सांगतो. २०१६ ची पेट्रोल वॅगनआर, ६१ हजार किलोमीटर चाललेली, दोन्ही किल्ल्या आणि सर्व्हिसिंगच्या नोंदी शाबूत. आमच्या मिस्त्रीने गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहिली आणि त्याला काही खोट सापडली नाही. किंमत दोन लाख पासष्ट हजार ठरली, ती भावाला धरूनच होती. गाडीविषयी माझी आजही तक्रार नाही. नाव बदलून देण्याचे म्हणून वेगळे आठ हजार घेतले, आणि तक्रार आहे ती या आठ हजारांची.

व्यवहाराच्या दिवशी माझ्या हाती मूळ आरसी, चालू विमा, स्टँप पेपरवर नोटरी केलेला करारनामा आणि सह्या केलेले मालकीबदलाचे फॉर्म २९ व ३० ठेवण्यात आले. फॉर्मवर विकणाऱ्याची निळ्या शाईची सही होती. खरेदीदाराचे नाव आणि तारीख या दोन्ही जागा कोऱ्या होत्या. विचारले तर काउंटरवरचा तरुण म्हणाला, "हो जाएगा भिया, पंद्रह दिन." मूळ मालकाने ऑक्टोबरमध्ये नवी गाडी घेताना ही जुनी बदल्यात दिली होती, तिथून ती एका दलालाकडे गेली आणि दलालाकडून या दुकानात आली. या साखळीत कोणीही गाडी स्वतःच्या नावावर केली नव्हती, कारण प्रत्येक बदलाला फी आणि वेळ लागतो, आणि मालकांची संख्या वाढली की गाडीचा भावही उतरतो. कोरे फॉर्म हातोहात फिरवणे हा या धंद्यातला सर्वमान्य आळस आहे.

मोटार वाहन कायद्याचे कलम ५० मात्र स्पष्ट आहे. गाडी त्याच राज्यातली असेल, तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. करारनामा हा दोन माणसांमधला पुरावा आहे. या कायद्याच्या लेखी गाडीचा मालक तोच, ज्याच्या नावाची नोंदणी आहे.

पंधरा दिवसांचे चाळीस झाले. मग एके दिवशी आरसीवरचा पत्ता पाहून मी स्वतःच लोकमान्य नगरात गेलो. दार उघडणाऱ्या काकूंना गाडीचा क्रमांक सांगताच त्यांनी आतून एक मोबाइल आणून माझ्यापुढे धरला. "हा ह्यांचा फोन. बँकेचे मेसेज येतात म्हणून अजून चालू ठेवलाय," त्या म्हणाल्या. मालक डिसेंबरमध्येच वारले होते. म्हणजे मी गाडी घेतली, तेव्हा तिचा नोंदणीकृत मालक हयात नव्हता. त्या फोनवर पलासिया चौकातल्या ई-चलनाचा संदेश होता. स्टॉप लाइन ओलांडणारा अर्थातच मी होतो. त्याच्या खाली आरटीओच्या अर्जाचा ओटीपी होता. तो विचारायला दुकानातून कोणाचा तरी फोन आला होता आणि ओटीपी कोणालाही सांगायचा नाही हे बँकेने पक्के बजावलेले असल्यामुळे काकूंनी तो दिला नव्हता. त्यांच्या या सावधपणाचे माझ्यावर उपकार आहेत, कारण तो अर्ज पुढे गेला असता तर मृत माणसाच्या नावाने केलेल्या हस्तांतरावर खरेदीदार म्हणून माझी सही असती.

दुकानात जाऊन हे सांगितले, तेव्हा तिथल्या व्यवस्थापकाने शांतपणे फॉर्म पुढे ओढला, पेनाचे टोपण काढले आणि तारखेच्या कोऱ्या जागेवर पेन टेकवून ऑक्टोबरची कोणती तारीख घालू, असे मलाच विचारले. सही खरी आहे, मग अडचण काय, हा त्यांचा मुद्दा होता. अडचण ही, की ऑक्टोबरमध्ये त्या गृहस्थांनी मला काहीही विकले नव्हते. मागची तारीख घातलेला असा कागद सरकारी कार्यालयात देणे हा फौजदारी मामला आहे आणि त्यात दुकानाचे नाव कुठेच येत नाही. मी तो फॉर्म त्यांच्या हातून परत घेतला. या दुकानाचे तीन तारे मी त्या क्षणी कापले.

नाव न बदलता गाडी चालवणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचे काही अडत नाही, असे मला अनेकांनी ऐकवले. पण अडते तेव्हा भलत्याच माणसाचे अडते. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी दिलेला निकाल याच विषयावरचा आहे: गाडी २००७ मध्ये विकली गेली, पुढे आणखी हातांत गेली, २००९ मध्ये अपघात झाला, आणि भरपाईची जबाबदारी पहिल्याच माणसावर आली, कारण नोंदणी त्याच्याच नावावर राहिली होती. माझ्या हातून काही घडले असते, तर दाव्यात त्या काकूंना ओढले गेले असते.

विम्याचेही असेच आहे. त्याच कायद्याच्या कलम १५७ मुळे तृतीय पक्षाचे, म्हणजे आपल्या गाडीमुळे इतरांच्या झालेल्या नुकसानीचे, संरक्षण गाडीबरोबर नव्या मालकाकडे येते, परंतु स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण पॉलिसी आपल्या नावावर करून घेतल्याखेरीज मिळत नाही. मार्चमध्ये मागचा बंपर फुटला, त्याचा खर्च मी खिशातून केला. दाव्यात मृत माणसाचे नाव लिहायचे की माझे, याचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

पुढचे काम कंटाळवाणे होते, पण सरळ होते. मालक वारला असेल तर गाडी आधी वारसाच्या नावावर करावी लागते आणि त्यासाठी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला व इतर वारसांची संमती लागते. काकूंच्या मुलाने पुण्याहून प्रतिज्ञापत्र पाठवले. कर्ज कधीच फिटले होते, तरी आरसीवर बँकेचा बोजा तसाच दिसत होता. तो उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेचे नवे पत्र लागले. मग काकूंच्या नावावरून माझ्या नावावर, हे दुसरे हस्तांतर. नायता मुंडल्याच्या आरटीओत माझ्या पाच फेऱ्या झाल्या, त्यांपैकी दोन माझ्याच अपुऱ्या कागदांमुळे. या सगळ्यात दुकानाने एक माणूस एकदा पाठवला.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी आरटीओकडून अधिकृतता घेण्याची व्यवस्था लागू आहे. अशा डीलरकडे गाडी सोपवताना मूळ मालक फॉर्म २९सी भरून तसे कळवतो आणि त्यानंतर गाडीची जबाबदारी डीलरवर येते. भिंतीवर ते प्रमाणपत्र आहे का, हे मी विचारायला हवे होते. मी चहा पीत एसीचा गारवा तपासत बसलो. बयाणा देण्याआधी एमपरिवहन या सरकारी अॅपवर गाडीचा क्रमांक टाकून बोजा, विम्याची मुदत आणि थकलेली चलने पाहायला पाच मिनिटे लागली असती आणि बोजा तिथेच दिसला असता. मालक हयात आहे की नाही, हे अॅप सांगत नाही; त्यासाठी पैसे देण्यापूर्वी विकणाऱ्याशी एकदा फोनवर तरी बोलावे लागते, आणि तो फोन लावून देण्याची टाळाटाळ करणाऱ्या दुकानात मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही.

आठ हजारांपैकी साडेचार हजार लेखी नोटिशीनंतर परत आले. उरलेल्या साडेतीन हजारांसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे द्यायच्या तक्रारीचा मसुदा तयार आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. पैसे त्याआधी आले, तर तशी नोंद याच अभिप्रायात करीन. तारे मात्र दोनच राहतील.