‘रिसेट मारू नका’ असं दुकानदार म्हणाला, तेव्हाच उठायला हवं होतं

26,700 रुपये. लॅपटॉपचे 24,500, ‘लाइफटाइम ऑफिस’चे 1,500, बॅग आणि माउसचे 700. त्यातले 15,000 यूपीआयनं दिले, 11,700 रोख. गेले तीन महिने ही फोड मी इतक्या टेबलांसमोर सांगितली आहे की आता झोपेतही सांगेन. प्रत्येक टेबलानं पुढच्या टेबलाकडे बोट दाखवलं.

मी साताऱ्यात माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. मुलगी पुण्यात बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला आहे. नवा लॅपटॉप परवडेना, म्हणून दिवाळीनंतर पुण्यातल्या एका दुकानातून रिफर्बिश्ड, म्हणजे दुरुस्त करून विकायला ठेवलेला जुना, घेतला. डोळे झाकून घेतला नाही, हे आधीच सांगतो. आठवडाभर वाचत होतो. विंडोज 11 ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते, हे मला ठाऊक होतं. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला, हेही ठाऊक होतं. स्टिकरवर न विसंबता टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसर पाहिला. बॅटरी रिपोर्ट काढायला लावून मूळ क्षमता किती आणि आता किती उरली, ते ताडून पाहिलं. कीबोर्डचं एकेक बटण दाबलं. यापेक्षा जास्त सामान्य गिऱ्हाइकानं काय करायचं?

आता तो क्षण सांगतो.

मुलगी म्हणाली, “पप्पा, पहिल्यापासून सेटअप करून बघू या का?” तिनं मोबाइलचा हॉटस्पॉट चालूही केला. दुकानदारानं लॅपटॉप आपल्याकडे ओढला. “मॅडम, सगळं टाकून दिलंय, परत कशाला? आणि सर, एक लक्षात ठेवा, रिसेट मारू नका. ड्रायव्हर उडतात, मग वॉरंटी आमच्याकडे राहत नाही.”

मी मान डोलावली. बावीस वर्षं मुलांना सांगतोय, उत्तर आलं तरी ताळा करून बघा. पोरगी ताळाच करायला निघाली होती आणि मी तिला म्हणालो, “राहू दे गं, साडेपाचची गाडी चुकेल.” स्वारगेटहून साताऱ्याला अर्ध्या-अर्ध्या तासानं गाड्या सुटतात. कसली गाडी चुकणार होती? हे वाक्य मला अजून झोपू देत नाही.

लॅपटॉप उलटा केला तेव्हा खाली चौकोनी डिंकाचा डागही दिसला होता. कंपन्या आपला नंबर चिकटवतात ना, ते स्टिकर खरवडून काढलेलं. पाहिलं आणि सोडून दिलं. जुना माल कंपनीचाच असणार, त्यात काय, असं वाटलं.

बिलाचंही तसंच. “पक्कं हवं तर 18 टक्के वर पडतील.” म्हणजे 4,410 रुपये. मी एस्टिमेटचा कागद घेतला. यूपीआयवर दुकानाचं नाव आलं नाही, कुणा बाईचं आलं. “मिसेसचं खातं आहे.” आता जो तो मलाच विचारतो की पक्कं बिल का नाही घेतलं. महिन्याच्या हप्त्यांत ओढाताण असलेल्या माणसाला ते 4,410 दिसतात, त्याला काय करणार? पण तुम्ही घ्या. ते 4,410 वाचवू नका.

जानेवारीत आधी ‘लाइफटाइम ऑफिस’ बंद पडलं. दुकानदारानं लॉगिनचा जो ई-मेल दिला होता, तो कुठल्यातरी परक्या संस्थेच्या नावावरचा निघाला. त्यांनी तो बंद केला आणि त्या खात्याच्या क्लाउडवर ठेवलेल्या मुलीच्या जर्नलच्या फाइली गेल्या. दुसऱ्याच्या खात्यात आपण फुकट राहत होतो, 1,500 देऊन. पंधराशेत जन्मभराचं ऑफिस कुणी देत असेल तर ते खातं कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा. मुलांचं लिखाण त्यात ठेवू देऊ नका.

मशीनही अडखळत होतं, म्हणून एका रात्री तिनं रिसेट मारलं. साडेदहाला रडत फोन. स्क्रीनवर एका मोठ्या कंपनीचं नाव, लोगो, आणि खाली कंपनीचा ई-मेल आणि पासवर्ड टाका असा मजकूर. पुढे जायला वाट नाही.

हे काय असतं ते मला तेव्हा कळलं. कंपनी लॅपटॉप घेते तेव्हा त्याच्या हार्डवेअरची ओळख मायक्रोसॉफ्टकडे स्वतःच्या नावावर नोंदवू शकते. त्या व्यवस्थेला ऑटोपायलट म्हणतात. मशीन विकताना ती नोंद कंपनीनंच काढायची असते. नेट न जोडता विंडोज टाकलं की काहीच दिसत नाही, लॅपटॉप महिनोन्‌महिने सरळ चालतो. रिसेट मारून वाय-फाय जोडलं की मूळ मालक समोर उभा. फॉरमॅट मारा नाहीतर एसएसडी, म्हणजे फाइली साठवणारी डिस्क, बदला, नोंद तशीच राहते. दुकानदाराला हे माहीत होतं. माहीत नसतं तर त्यानं लॅपटॉप ओढून घेतला नसता.

म्हणून पैसे देण्याआधी, दुकानातच, स्वतःच्या हॉटस्पॉटवर रिसेट मारायला लावा. तासभर लागला तर तासभर बसा. तो नको म्हणाला तर उठा.

दुकानदार म्हणाला, “सांगितलं होतं ना सर, रिसेट मारू नका?” मग म्हणाला, 1,500 द्या, आडवाटेनं चालू करून देतो. मग म्हणाला, वर 6,000 टाका, दुसरा देतो. मग त्यानं माझा नंबर ब्लॉक केला.

आणि पोलीस! साताऱ्यातून रजा टाकून चार फेऱ्या मारल्या. पहिल्यांदा ऐकलं, “वस्तू तुमच्या हातात आहे, मग फसवणूक कसली? दिवाणी मॅटर आहे.” दुसऱ्यांदा साहेब राउंडला, पोच मिळणार नाही. एका हेल्पलाइनवर सांगितलं, पैसे तुम्ही स्वतःहून दुकानात दिलेत, हे सायबरमध्ये बसत नाही. तिसऱ्या फेरीला हवालदार म्हणाला, “चोरीचा असेल तर आधी इथं जमा करा. तुमच्याकडे कुठून आला ते तुम्हालाच सांगावं लागेल.” पैसे माझे गेले आणि जबाबही मीच द्यायचा! ज्या कंपनीचं नाव दिसत होतं तिला सिरियल नंबर टाकून मेल केला. एकोणीस दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं, नोंद घेतली आहे. ही नोंद वेळेवर काढली असती किंवा मशीन चोरीला गेल्याचं कुठं जाहीर केलं असतं, तर माझ्यासारख्याला कळलं असतं. जुना मोबाइल घेताना ‘KYM’ ही अक्षरं आणि आयएमईआय, म्हणजे मोबाइलचा ओळख-नंबर, 14422 वर एसएमएस केला तर तो काळ्या यादीत आहे का ते समजतं. लॅपटॉपसाठी सामान्य माणसाच्या हातात तशी सोय का नाही, हे मी ज्याला त्याला विचारलं. कुणीच उत्तर दिलं नाही.

आता साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. 2019 च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते, त्यासाठी पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. हे मला एकाही टेबलानं सांगितलं नाही, शाळेतल्या शिपायाच्या वकील भाच्यानं सांगितलं.

पुरावा म्हणून यूपीआयची नोंद, एस्टिमेटचा कागद आणि त्या स्क्रीनचा व्हिडिओ जोडला आहे. आणि एक व्हॉट्सअ‍ॅप मेसेज. खरेदीच्या दुसऱ्या दिवशी मुलीनं दुकानदाराला काहीतरी विचारलं होतं, त्यावर त्यानं लिहून पाठवलं होतं, ‘मॅडम रिसेट मारू नका, लॉक पडेल.’ दुसऱ्याच दिवशी त्यानं तो मेसेज सगळ्यांसाठी डिलीट केला. मुलीनं आदल्या रात्रीच त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवला होता.