इस्त्रीची कापडी वेणीवाली थ्री कोअर कॉर्ड : वापरून बघितल्यावरचं मत

इस्त्रीची वायर गेली की बहुतेक जण आधी काळी टेप शोधतात, म्हणून हा रिव्ह्यू लिहितेय. मी घेतलीय ती आख्खी नवीन कॉर्ड, म्हणजे एका टोकाला मोल्डेड (साच्यात ओतून सीलबंद केलेला) थ्री पिन टॉप म्हणजे प्लग, मध्ये वरून सुती वेणी आणि आत रबराचं इन्सुलेशन, दुसऱ्या टोकाला तिन्ही तारांना आधीच दाबून बसवलेले लग, म्हणजे स्क्रूखाली बसणाऱ्या धातूच्या छोट्या कड्या. आतल्या प्रत्येक तारेतल्या तांब्याचा छेद ०.७५ चौरस मिमीचा आहे. रोजच्या वापरात बरेच दिवस झाले आणि मत एकंदर चांगलं आहे, पण दोन गोष्टी खटकल्यात त्या पुढे सांगते.

आधी जुन्या वायरचं काय झालं होतं ते, कारण त्यावरूनच नवीन कशी हवी ते कळतं. इस्त्री मधेच बंद व्हायची, वायर जरा हलवली की परत चालू. हे लक्षण दिसलं की वायर आतून तुटतेय असं समजायला हरकत नाही, आणि ती जवळजवळ नेहमी एकाच जागी तुटते, जिथे ती मुठीच्या मागून आत शिरते तिथे. ०.७५ च्या तारेत साधारण ०.२ मिमी जाडीच्या २४ बारीक तारा असतात. इस्त्री पुढे मागे करताना त्याच दोन बोटं जागेला सतत वाकवलं जातं आणि त्या तारा एक एक करून तुटत जातात. शेवटी चारपाचच उरतात. १००० वॅटची इस्त्री २३० व्होल्टवर सव्वाचार अँपियरच्या वर करंट घेते, तो सगळा त्या चारपाच तारांतून जायला लागला की ती जागा तापते, वरचं इन्सुलेशन कडक होऊन तडकतं, मग आत ठिणग्या पडतात. जुनी कॉर्ड काढल्यावर मी ती जागा चिरून बघितली तर तांबं काळपट पडलेलं आणि तारांची टोकं वितळून बारीक गोळे झालेले. वरून वेणी मात्र धड दिसत होती, फक्त एक फिकट तपकिरी डाग होता, बस्स.

म्हणून टेपचा मला मुळातच राग आहे. टेपने फक्त वरचं उघडं झाकलं जातं, आतल्या तुटलेल्या तारा काही जुळत नाहीत, आणि उष्णतेने टेपचा गोंद पातळ होऊन सुटतो. मधे कापून पीळ मारून जोडलेली वायर तर इस्त्रीला नकोच, कारण ती सतत हलते आणि पीळ हळूहळू सैल होतो. दोष अगदी टोकाशी असेल तर तेवढा तुकडा कापून टाकून उरलेली चांगली वायर परत टर्मिनलला लावता येते, ते ठीक आहे, पण वायर जुनी असेल आणि रबर चुरचुरीत झालं असेल तर सरळ पूर्ण बदला.

आता प्रॉडक्टवर येते. सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ती पीव्हीसीची नाही. दिसायला गुळगुळीत पांढरी पीव्हीसीची वायर छान वाटते पण साधं पीव्हीसी ७० अंशांच्या हिशोबाचं असतं आणि इस्त्री तीन ठिपक्यांवर ठेवली की तळ २०० अंशांच्या आसपास जातो. चुकून वायर गरम तळाला टेकली की पीव्हीसी क्षणात चिकटतं आणि आतली तार उघडी पडू शकते. सुती वेणी आणि रबर अशा वेळी बराच जास्त टिकाव धरतात. मुद्दाम टेकवून ठेवायची गोष्ट नाही ही, पण घाईत एखादा स्पर्श होतोच. शिवाय ही मऊ आहे, बोटाभोवती सहज वळते, टेबलावर पसरली तर साप पडल्यासारखी एकाच आकारात अडून राहत नाही.

आतले रंग तपकिरी, निळा आणि हिरवा-पिवळा. जुन्या इस्त्रीत लाल, काळा, हिरवा होते. तर तपकिरी म्हणजे फेज, लालच्या जागी, निळा न्यूट्रल, काळ्याच्या जागी, आणि हिरवा-पिवळा पट्ट्यांचा म्हणजे अर्थिंग. पण रंगावर आंधळा विश्वास नको, काही देशांत काळी तार फेजची असते आणि एखाद्या इस्त्रीची वायर आधी कोणी बदलली असेल तर त्याने काय केलं असेल सांगता येत नाही. उघडल्यावर काहीही सोडवायच्या आधी मोबाइलवर दोनतीन बाजूंनी फोटो काढा, आणि जुन्या वायरच्या पिनपासून कुठली तार कुठे जातेय ते मल्टिमीटरच्या बीपवर बघून घ्या. फेज थर्मोस्टॅटच्या (ठरलेल्या तापमानाला करंट तोडणारा स्विच) बाजूला जायला हवी, म्हणजे थर्मोस्टॅट बंद झाल्यावर कॉइलवर करंटच राहत नाही.

बसवायला सोपी आहे का? माझ्या इस्त्रीत होती. प्लग काढून इस्त्री पूर्ण गार होऊ द्यायची, मागच्या झाकणाचा स्क्रू काढला की टर्मिनल समोर येतात. नुसतं स्विच बंद करून काम करू नका, प्लगच बाहेर काढून नजरेसमोर ठेवा. काही इस्त्र्यांना वेगळ्याच आकाराचे स्क्रू असतात किंवा सगळी बॉडी लॉक करून बसवलेली असते, तिथे जबरदस्ती करून प्लास्टिक तोडण्यापेक्षा सर्व्हिस सेंटरला द्यावी. वॉरंटीत असेल तर उघडूच नका.

पहिली खटकलेली गोष्ट इथे आली. अर्थिंगच्या लगचं भोक लहान आहे. माझ्या इस्त्रीचा अर्थिंगचा स्क्रू ४ मिमीचा आहे आणि लग त्यावर बसेना. तो कानसून मोठा करण्यात अर्थ नाही, कडेचा पत्रा पातळ होऊन लग तिथेच फाटतो. तो कापून योग्य मापाचा लग क्रिंपिंगच्या पकडीने दाबून लावावा लागला. ज्याच्याकडे ती पकड नाही त्याने काय करायचं? कंपनीने पाकिटात एक मोठा लग जास्तीचा टाकला असता तर बरं झालं असतं. आणि कोणी सुचवेल की लग नको, तारेच्या टोकाला सोल्डर लावून स्क्रूखाली दाब, तर ते करू नका. सोल्डर मऊ धातू, दाबाखाली हळूहळू पसरतो, स्क्रू आपोआप सैल पडतो आणि मग तीच जागा तापायला लागते.

अर्थिंगची तार बाकी दोघींपेक्षा थोडी लांब ठेवलीय हे मात्र बघून समाधान वाटलं. कधी वायर ओढली जाऊन सुटलीच तर आधी फेज आणि न्यूट्रल निघतील आणि अर्थिंग शेवटी, म्हणजे बॉडीला करंट लागून शॉक बसायची वेळ येणार नाही. ज्याने ही कॉर्ड बनवली त्याने डोकं लावलंय. तुम्ही टोकं कापून परत लावणार असाल तर ही जास्तीची लांबी तशीच ठेवा.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे, रबरी स्लीव्हची. वायर आत शिरते तिथे जी निमुळती नळी असते तिचं काम वायरला एकाच जागी मुडपू न देणं, मोठ्या गोलाईत वाकवणं. सोबत आलेली स्लीव्ह आखूड आहे आणि कडक. वायर वाकवून बघितली तर स्लीव्ह जशीच्या तशी आणि वायर तिच्या टोकाशी काटकोनात मोडते, म्हणजे तुटायची जागा फक्त इंचभर पुढे सरकली. मी जुनी स्लीव्ह तपासली, तडे नव्हते, मऊ होती, तीच परत वापरली आणि कॉर्डची वेणी सुद्धा तिच्यात बरोबर बसली. तुमची जुनी फाटली असेल तर वेगळी मऊ स्लीव्ह आधी आणून ठेवा, त्याशिवाय काम सुरू करू नका. माझ्या मते वायरपेक्षाही ही नळी आणि आतला क्लॅम्प महत्त्वाचा. लोक कॉर्ड घेताना तांबं किती, लांबी किती एवढंच बघतात आणि वायर पहिल्यांदा जाते ती कायम या जागेपाशी.

क्लॅम्प म्हणजे आतली ती छोटी पट्टी जी दोन स्क्रूंनी वायरचा गळा धरते. ती पट्टी बाहेरच्या वेणीवर बसली पाहिजे, आतल्या सुट्या तारांवर नाही. वेणी कापली की धागे लगेच सुटायला लागतात आणि सरकत सरकत क्लॅम्पच्या बाहेर येतात, म्हणून टोकाला दोरा घट्ट गुंडाळून घ्या किंवा हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. नवीन कॉर्डच्या या टोकाला कंपनीने दोरा बांधलेला होता पण सैल, मी परत बांधला. नंतर वायर हाताने चांगली ओढून बघितली, आतल्या तारा जराही हलल्या नाहीत. क्लॅम्पच्या ऐवजी आतून गाठ मारणारे आहेत, ते नको, गाठीत रबर दाबलं जातं आणि क्लॅम्पसारखी पकड येत नाही.

झाकण लावल्यावर प्लग सॉकेटमध्ये घालायच्या आधी मीटर लावा. अर्थिंगची पिन ते इस्त्रीचा धातूचा तळ, एक ओहमपेक्षा कमी यायला हवं. फेज ते न्यूट्रल, थर्मोस्टॅट चालू ठेवून, १००० वॅटच्या इस्त्रीला ५३ ओहमच्या जवळपास. आणि फेज किंवा न्यूट्रल ते अर्थिंग काहीच येता कामा नये, आकडा दिसला की थांबा, उघडा, कुठली तरी तार पत्र्याखाली चेंगरलेली असते. माझं सगळं बरोबर आलं. पहिल्यांदा तापवल्यावर रबराचा थोडा वास आला, नंतर गेला. वापरताना अधूनमधून प्लग आणि मुठीमागची जागा हात लावून बघते, कोमट सुद्धा होत नाही.

मोल्डेड टॉप आवडला. स्क्रूचा टॉप दुरुस्त करता येतो हे खरं पण त्यातले स्क्रू कालांतराने सैल होतात आणि आत कोणी अर्थिंग लावलंच नाही असे टॉप सुद्धा बघितलेत. हा सीलबंद आहे, पिना घट्ट बसतात, सॉकेटमध्ये हलत नाहीत. एक सांगते, जुनी कॉर्ड टाकताना तिचा टॉप मुळापाशी कापून पिना पक्कडने वाकवून टाका. मागे उघड्या तारा लोंबताहेत असा टॉप लहान मुलाने सॉकेटमध्ये घातला तर काय होईल विचार करा.

ही कॉर्ड कशाला चालणार नाही तेही बघा. पाण्याजवळ वापरायच्या वस्तूला नको, वेणी पाणी शोषते. २००० वॅटच्या हीटरला नको, तो साडेआठ अँपियरच्या वर घेतो, त्याला किमान १ चौरस मिमीची हवी आणि शक्य असेल तर १.५ ची. मिक्सरला साधी पीव्हीसीची वायर ठीक असते. आणि ज्या वस्तूवर चौकोनात चौकोन अशी खूण आहे ती डबल इन्सुलेटेड, तिला दोनच तारा असतात, तिथे ही थ्री कोअर घालून अर्थिंगची तार मोकळी सोडून देऊ नका, टू कोअरचीच घ्या.

पाचपैकी चार देते. एक कापला तो त्या स्लीव्हसाठी, लगचं एक वेळ चालवून घेतलं असतं. ठेवताना गरम इस्त्रीभोवती वायर गुंडाळू नका, गार झाल्यावर सैल वेटोळं करून बाजूला ठेवा.