वेग उतरवायला गिअर की ब्रेक?

ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिन गाडीला मागे ओढतंच, त्याबद्दल कुणाचा वाद नाही. वाद आहे तो त्याच्या पुढचा. लाल सिग्नल लांबून दिसला की चौथ्यावरून तिसरा, तिसऱ्यावरून दुसरा टाकत वेग मारायचा, की आहे त्या गिअरमध्ये राहून सरळ ब्रेक दाबायचा? जुन्या चालकांना पहिला प्रकार प्रिय. ब्रेकला हात (म्हणजे पाय) न लावता गाडी थांबत आणण्यात त्यांना कसब दिसतं, आणि ते चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. मीही बराच काळ तसाच चालवायचो.

उताराचा प्रश्न आधी निकालात काढू, कारण तिथे तुलनाच नाही. १२०० किलोची गाडी ५०० मीटर उंचीवरून खाली आणायची तर जवळपास ५९ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. दोन लिटरहून अधिक पाणी उकळून पार वाफ होईल इतकी ही उष्णता. काही भाग हवा आणि टायर खातात. उरलेली सगळी ब्रेकच्या माथी मारली की पॅड करपल्याचा वास येतो, पेडल दाबूनही गाडी पूर्वीसारखी धरत नाही. ब्रेक ऑइल जुनं असेल तर आणखी पंचाईत. ते हवेतला ओलावा शोषत राहतं. डॉट ३ प्रतीचं ऑइल कोरडं असताना किमान २०५ अंशांपर्यंत टिकायला हवं, ओलावा शिरल्यावर ही मर्यादा १४० वर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. ऑइल उकळून नळीत वाफ झाली की पेडल मऊ पडून खाली जातं. म्हणून ‘ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा’ हा जुना नियम मी आजही पाळतो. गिअर उतार लागायच्या आधीच टाकायचा. तरीही वेग वाढत गेला तर पाय ब्रेकवर घासत ठेवण्यापेक्षा एकदा नीट दाबून वेग तोडायचा आणि सोडून द्यायचं. न्यूट्रलवर गाडी सोडणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांच्या पुढेही राहत नाही.

खरी निवड सपाट रस्त्यावरची, रोजच्या रहदारीतली. गिअरच्या बाजूने नेहमी दोन मुद्दे मांडले जातात: इंधन वाचतं आणि ब्रेक पॅड टिकतात. पहिला अर्धा खरा आहे. इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधनाचा पुरवठा तुटतो आणि आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) आयडलच्या, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असतानाच्या आसपास आलं की पुन्हा सुरू होतो. पण हा फायदा चौथ्यातच राहून ब्रेक दाबला तरी मिळतो, त्यासाठी खाली उतरत यायची गरज नसते. पॅड वाचतात हेही खरंच, फक्त त्यांच्याऐवजी काय झिजतं ते बघावं. ॲक्सिलरेटर देऊन आरपीएम त्या गिअरशी न जुळवता खालच्या गिअरवर क्लच सोडला की इंजिनाला वर खेचायचं काम क्लच प्लेट घासूनच होतं. पॅड म्हणजे चाक काढून उरकायचं काम. क्लच प्लेटसाठी बहुतेक गाड्यांचा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. ज्याचा पाय सफाईदार आहे त्याची प्लेट वर्षानुवर्षं टिकते, हेही मान्य.

हे सगळं ठाऊक असूनही माझी सवय बदलली नव्हती. बदलली ती आरशामुळे. गिअरने वेग उतरवताना मागचा लाल दिवा लागत नाही. तिसरा टाकला की गाडीला चांगला लगाम बसतो, पण मागच्याला त्याचा पत्ताच नसतो. त्याचं बॉनेट आरशात मोठं होत येतं, मग एकदम खाली वाकतं आणि पाठोपाठ हॉर्न. रात्री किंवा पावसात तर त्याला फक्त आपले टेललॅम्प दिसतात, त्यांच्यापर्यंतचं अंतर घटतंय हे त्याने स्वतःच ताडायचं. कितीही सांभाळून गिअर टाकला तरी माझं अर्धं लक्ष मागेच असायचं.

त्यावर उपाय म्हणून गिअर उतरवताना ब्रेकच्या पेडलला हलकासा स्पर्श करायला लागलो, दिवा लागण्यापुरता. आता अडचण अशी, की आरपीएम जुळवायला उजवा पाय ॲक्सिलरेटरवर हवा आणि दिव्यासाठी ब्रेकवर. शर्यतीतले चालक टाच आणि चवडा वापरून एकाच पायाने दोन्ही साधतात. रोजच्या रहदारीत, साध्या चपलेत, हा खटाटोप कशासाठी? तर ब्रेक कमी वापरावा म्हणून! पाय ब्रेकवर पोचलाच आहे तर थोडा आणखी दाबायला काय हरकत, असं वाटलं आणि हळूहळू तेच अंगवळणी पडलं.

दुसरी गोष्ट पावसाळी रस्त्याची. इंजिनाची ओढ फक्त ते ज्यांना फिरवतं त्या चाकांवर येते, बहुतेक गाड्यांत दोनच; ब्रेक चारही चाकांवर येतो आणि चाकं जाम होऊ न देणारं एबीएस त्याच्यावर नजर ठेवून असतं. निसरड्यावर अचानक खालचा गिअर पडला तर ती दोन चाकं सुटू शकतात, मोटारसायकलचं मागचं चाक तर फार लवकर. अशा वेळी स्वतःच थोडा घसरून इंजिनाची ओढ कमी करणारा स्लिपर क्लच त्याचसाठी आला. अलगद सोडलेल्या क्लचची गोष्ट अर्थातच वेगळी.

विजेच्या गाड्यांत पाय उचलला की मोटरच वेग उतरवते, पण तिथे दिव्याचा विचार झालेला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १३-एच नियमानुसार त्या ओढीने वेग दर सेकंदाला सेकंदी १.३ मीटरपेक्षा जास्त घटत असेल तर ब्रेकचा दिवा लागलाच पाहिजे.

सध्याची माझी पद्धत अशी. लांबूनच ॲक्सिलरेटर सोडतो, चौथ्यात असलो तर चौथ्यातच ब्रेक दाबत येतो आणि इंजिन घुटमळायच्या आत क्लच दाबतो. मग त्या वेगाला जो गिअर जुळेल तो थेट, बहुधा दुसरा, मधला तिसरा वगळून. थांबायचंच असेल तर न्यूट्रल. मागे कुणी नसलेला मोकळा रस्ता मिळाला की कधी कधी तिसरा टाकतोही. तो आवाज आवडतो, दुसरं कारण नाही.