हॉटेल आणि इव्हेंट मॅनेजमेंटची डिग्री : तिसरं वर्ष संपल्यावरचा अनुभव

ज्यांना फक्त निकाल हवा आहे त्यांच्यासाठी आधीच सांगते. या डिग्रीतला हॉटेलचा भाग पैसे वसूल आहे. इव्हेंटचा भाग मात्र वर्गात बसून येत नाही, तो हॉटेलच्या बँक्वेटमध्ये, म्हणजे लग्न-समारंभांचे हॉल सांभाळणाऱ्या विभागात, राबूनच येतो. आता सविस्तर.

मी पुण्यातल्या एका कॉलेजात बीएचएमसीटी, म्हणजे हॉटेल मॅनेजमेंटची पदवी, करते. चार वर्षांची विद्यापीठाची डिग्री, प्रवेश राज्याच्या सीईटीवरून. दुसरा रस्ता आयएचएम नावाच्या हॉटेल मॅनेजमेंट संस्थांचा : एनटीए ही राष्ट्रीय परीक्षा संस्था घेते ती एनसीएचएम जेईई ही प्रवेश परीक्षा, तीन वर्षांची बीएस्सी आणि डिग्री दिल्लीच्या जेएनयू विद्यापीठाची. दोन्हीकडे गाभा तोच, म्हणजे किचन, सर्व्हिस, फ्रंट ऑफिस आणि हाउसकीपिंग. आमच्या कॉलेजने त्याला इव्हेंटची जोड दिली आहे आणि माहितीपत्रकावर फोटो सगळे त्याचेच आहेत. हातात वॉकीटॉकी, मागे फुलांचा मांडव. ते फोटो बघून निम्मा वर्ग आला होता, हे पहिल्याच आठवड्यात ओळख करून देताना कळलं.

घरच्यांचं म्हणणं नेहमीचंच होतं. बारावी सायन्स करून शेवटी स्वयंपाकच करायचा तर पुण्याला कशाला जायचं, आणि मुलीच्या जातीने हॉटेलात काय काम करायचं. त्या दुसऱ्या प्रश्नावर माझं एक उत्तर तयार असतं. देशातली हॉटेल मॅनेजमेंटची पहिली संस्था १९५४ साली मुंबईत निघाली, आज दादरला आहे तीच, आणि ती काढली लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने बायकांच्याच अन्न परिषदेने. आत्या अजूनही मानत नाही, पण विषय बदलते.

पहिलं वर्ष म्हणजे शिस्त. नखं, केस, बूट रोज तपासले जातात. जाळी लावलेला अंबाडा, इस्त्रीचा शेफ कोट, मुलांना रोज दाढी. मेंदी चालत नाही, त्यामुळे घरच्या लग्नांत मी तीन वर्षं कोऱ्या हातांनी फिरते आहे. किचनमध्ये सुरुवात चिरण्यापासून होते. ज्युलिएन, ब्रुन्वाज, मॅसेड्वान असे काप आणि प्रत्येकाचं माप ठरलेलं. मग स्टॉक, मग पाच मदर सॉस, म्हणजे ज्यांवरून बाकीचे सॉस बनतात ते. सगळा पाया फ्रेंच. दुसऱ्या वर्षी क्वांटिटी किचन येतं आणि तिथे प्रांतवार भारतीय जेवण मोठ्या प्रमाणावर करतात. महाराष्ट्राच्या वाट्याला त्यात मोजके दिवस येतात, मसालेभात, अळू, कोल्हापुरी रस्सा एवढ्यात आपण आटोपतो. त्या पाचांतलं व्हेलूटे तीन वेळा करून घेतलं, पुरणाचं यंत्र मात्र कॉलेजात नाही. मला हे खटकतं, कारण पुण्यात नोकरी करणाऱ्या शेफला लग्नाच्या हंगामात यातलं नक्की काय लागतं ते सगळ्यांना माहीत आहे.

शाकाहारी घरांतून नेहमी येणारा प्रश्न : मांस कापावं लागतं का? आमच्याकडे लागतं. चवीची सक्ती कोणी करत नाही, पण कोंबडीचे आठ तुकडे करणं प्रॅक्टिकलच्या परीक्षेत असतं. अहमदाबाद, भोपाळ, जयपूर इथल्या आयएचएमनी शाकाहारी पर्याय दिला होता, त्याची चौकशी जरूर करा.

मला अनपेक्षितपणे आवडलं ते हाउसकीपिंग. झाडू-पोछा म्हणून सगळे नाक मुरडतात, पण खरं व्यवस्थापन इथेच शिकवलं जातं. एका पलंगाला चादरीचे किती संच लागतात? एक पलंगावर, एक लॉन्ड्रीत, एक कपाटात, म्हणजे कमीत कमी तीन, आणि मोठी हॉटेलं त्याहून जास्त ठेवतात. हा हिशोब चुकला की दुपारी दोनला पाहुणा लॉबीत उभा असतो आणि खोली तयार नसते. ट्रेनिंगला, म्हणजे हॉटेलात प्रत्यक्ष काम करायला पाठवतात तेव्हा, एका शिफ्टमध्ये एका माणसाकडे चौदा-पंधरा खोल्या असतात. आम्ही जोडीने करायचो. चादरीच्या कोपऱ्याची घडी, टॉयलेट पेपरचं त्रिकोणी टोक, पाण्याच्या बाटलीवरचं लेबल कुठल्या दिशेला, सगळं ठरलेलं. सुपरवायझर ताई पलंगाच्या खाली वाकून बघायच्या. आता मी कुठेही राहायला गेले की तेच करते, आई वैतागते.

फ्रंट ऑफिसबद्दल थोडक्यात. हसतमुख उभं राहणं हा त्याचा सर्वांत छोटा भाग आहे. शंभर खोल्यांपैकी सत्तर सरासरी पाच हजाराने गेल्या तर एआरआर (गेलेल्या खोलीमागे सरासरी दर) पाच हजार आणि रेव्हपार (एकूण खोल्यांमागे सरासरी कमाई) साडेतीन हजार, आणि मॅनेजरला झोप लागते की नाही ते दुसऱ्या आकड्यावर ठरतं. परदेशी पाहुणा आला की चोवीस तासांत त्याची माहिती सरकारकडे भरून जायला हवी, ते राहिलं तर हॉटेल अडचणीत येतं. वर्गात शिकवलेलं सॉफ्टवेअर आणि हॉटेलात असलेलं सॉफ्टवेअर यांत मात्र बऱ्याच आवृत्त्यांचं अंतर होतं. कॉलेजने यावर खर्च करायला हवा. फी कमी घेत नाहीत.

आणि कॉस्टिंग. हा विषय सगळे रट्टा मारून पास होतात आणि पुढे तोच उपयोगी पडतो. दहा किलो कांदा आणला तर सोलून-चिरून हातात किती येतो, डिशला कच्च्या मालाचा खर्च किती, विक्रीच्या किमतीशी त्याचं प्रमाण तीस-पस्तीस टक्क्यांच्या आत बसतं का. आमच्या सरांनी एका थाळीचं रेसिपी कार्ड मीठ-हिंगासकट मांडायला लावलं होतं. ते मांडताना कळलं की कोपऱ्यावरच्या खानावळीच्या काकू हे सगळं तोंडी करतात.

आता इव्हेंट. वर्गात आम्हाला शिकवलं ते असं : इव्हेंटचे प्रकार, थीम, बजेटचा तक्ता, परवानग्यांची यादी, जोखमीचा आराखडा. परीक्षेला 'इव्हेंट म्हणजे काय ते सांगून वैशिष्ट्ये लिहा.' वर्षातून एकदा थीम डिनर, ज्यात प्राध्यापकांचे नातेवाईक पाहुणे असतात आणि पाहुणे कधीच भांडत नाहीत. शिकवणाऱ्या मॅडम चांगल्या होत्या, पण त्यांनी स्वतः कधी इव्हेंट केलेला नव्हता.

ट्रेनिंगमध्ये मला बँक्वेट मिळालं आणि तिथे हा विषय पहिल्यांदा समजला. एका पानाचा कागद असतो, फंक्शन प्रॉस्पेक्टस, सगळे एफपी म्हणतात. हॉल कुठला, किती वाजता, खुर्च्यांची मांडणी कशी, मेनू काय, किती माणसांची गॅरंटी, बिल कोणाच्या नावावर. त्याची प्रत किचनला, इंजिनीअरिंगला, सिक्युरिटीला, हाउसकीपिंगला जाते. त्यावर 'दोन मोदक स्टँड' असं लिहिलेलं नसेल तर दोन मोदक स्टँड येत नाहीत, मग सेल्सवाल्याने पार्टीला तोंडी काहीही कबूल केलेलं असो. निम्मी भांडणं याच कागदावरून होतात.

दुसरी निम्मी गॅरंटीवरून. अडीचशेची गॅरंटी दिली आणि दोनशे दहा आले तरी पैसे अडीचशेचे. दोनशे नव्वद आले तर जादा चाळीसचे वेगळे. मोजायचं कसं? प्लेटा मोजून. सुरुवातीला बुफेवर किती ठेवल्या, मध्ये किती भरल्या, शेवटी किती उरल्या, आणि मोजताना पार्टीचा एक माणूस शेजारी उभा. लग्नात मुलीचे मामा हे काम अंगावर घेतात आणि ते कॅल्क्युलेटर घेऊनच येतात. लहान मुलाने दोन प्लेटा घेतल्या त्याचं काय, यावर रात्री साडेअकराला चर्चा चालते. हे कुठल्याही पुस्तकात नाही.

मराठी लग्नात सगळ्या वेळापत्रकाचा खुंटा म्हणजे मुहूर्त. कॉर्पोरेट कॉन्फरन्सचा चहा दहा मिनिटं उशिरा चालतो, मुहूर्त अकरा बेचाळीसचा असेल तर तो अकरा बेचाळीसचाच. अक्षता पडल्या की पुढच्या काही मिनिटांत अख्खा हॉल बुफेकडे वळतो, म्हणून किचनचं पिकअप, म्हणजे जेवण बाहेर काढणं, गुरुजींच्या मंगलाष्टकांवर चालतं. आमचे कॅप्टन, म्हणजे वाढणाऱ्यांचे प्रमुख, दारात उभे राहून 'शुभमंगल सावधान' मोजत असत आणि शेवटच्या कडव्याला आत हात दाखवत. मंगलाष्टकं लवकर संपली तर गरम पदार्थ चेफिंग डिशमध्ये, म्हणजे बुफेवरच्या गरम ठेवणाऱ्या भांड्यांत, अजून यायचे असतात, आणि फार आधी काढून ठेवावेत तर साठ अंशांच्या खाली जाण्याची भीती. अन्नसुरक्षेच्या तासाला पाठ केलेलं पाच ते साठ अंशांचं धोक्याचं पट्टं तिथे पहिल्यांदा जिवंत दिसलं.

हंगामही पंचांगावर. तुळशीचं लग्न झालं की तारखा भरू लागतात, चातुर्मासात हॉल लग्नांविना रिकामे, मग तेव्हा कंपन्यांच्या बैठका आणि प्रशिक्षणं कमी दरात घ्यायची. रेव्हेन्यू मॅनेजमेंटचं, म्हणजे मागणी बघून दर ठरवण्याचं, एवढं स्वच्छ उदाहरण हाताशी असताना आमच्या नोट्समध्ये स्की रिसॉर्टचं होतं.

रात्री दहा वाजता आवाजाचा प्रश्न येतो. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, उघड्यावर दहानंतर स्पीकर बंद. सरकार वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सवलत देतं, त्यात तुमच्या भाच्याचं संगीत बसत नाही. नवरदेवाच्या मित्रांना हे सांगायला ट्रेनीला पाठवतात. इव्हेंट मॅनेजमेंटचं माझं सर्वांत चांगलं प्रॅक्टिकल ते.

तब्येतीचं आणि पैशांचं सांगायला हवं. कामाचे तास नऊ लिहिलेले असतात, हंगामात ब्रेक शिफ्ट लागते, म्हणजे सकाळी चार तास, मग मधे मोकळं आणि परत रात्री. पाय दुखतात, चांगले बूट पहिल्याच दिवशी घ्या. स्टायपेंडमध्ये खोलीचं भाडं निघत नाही. काही हॉटेलांत ट्रेनी म्हणजे फुकटचा हात, किचनमध्ये तीन आठवडे लसूण सोलण्यापलीकडे जाऊ देत नाहीत. माझ्या वर्गातल्या दोघांनी ट्रेनिंगनंतर शिक्षण सोडलं, मला त्यांचं चुकलं असं वाटत नाही. सुट्टीच्या दिवशी ओडीसीला, म्हणजे बाहेरच्या केटरिंगला, सर्व्हिसला गेलं तर रोख पैसे मिळतात आणि शिकायलाही मिळतं. आमच्या वर्गाची निम्मी पेट्रोलची सोय त्यावर होते.

कोणी घ्यावं? ज्याला सणाच्या दिवशी कामावर असण्याचं वाईट वाटत नाही त्याने. फक्त इव्हेंटच करायचे असतील तर चार वर्षं आणि एवढी फी कशाला, एखाद्या चांगल्या डेकोरेटरकडे किंवा केटररकडे दोन हंगाम काढा, जास्त येईल. हॉटेलच्या बाजूने इव्हेंटमध्ये शिरायचं असेल, बँक्वेट सेल्स किंवा ऑपरेशन्स, तर डिग्री लागते आणि कामीही येते. मी चौथ्या वर्षाला तोच विषय घेतला आहे.

फी भरण्याआधी कॉलेजला तीन गोष्टी विचारा. गेल्या बॅचची मुलं ट्रेनिंगला कुठल्या हॉटेलांत गेली, त्याची नावांसकट यादी. चारही विभागांत फिरवण्याचं हॉटेलशी लेखी ठरलं आहे का. आणि मुलींसाठी, रात्रीच्या शिफ्टनंतर सोडायला गाडी कोणाची. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊनंतर महिला कर्मचाऱ्यांची संमती आणि जाण्यायेण्याची सोय यांची तरतूद आहे, पण ट्रेनीच्या बाबतीत हॉटेल आणि कॉलेज एकमेकांकडे बोट दाखवतात. आमच्या होस्टेलचं फाटक दहाला बंद होतं आणि बँक्वेट बाराला सुटतं. वॉर्डनच्या नावाचं कॉलेजचं पत्र ट्रेनिंग सुरू व्हायच्या आधीच शिक्क्यासह घेऊन ठेवा, मधल्या काळात ते द्यायला ऑफिसात कोणी नसतं.