लातूरमधील निराशावादाचा अभ्यासवर्ग: सहा रविवारांनंतर

लातूरच्या एका वाचनालयात सलग सहा रविवार चाललेला निराशावादावरील अभ्यासवर्ग मी पूर्ण केला. शुल्क ३०० रुपये होते आणि झेरॉक्स टिपणे त्यातच मिळाली. मनाचे खचणे वेगळे आणि आयुष्यात दुःखाचे पारडे जड आहे असा विचारांती काढलेला निष्कर्ष वेगळा, हा भेद पहिल्याच दिवशी इतका नीट समजावला गेला की पुढे चर्चा कधी भरकटली नाही.

तिसरे सत्र सर्वांत मोलाचे ठरले. शक्य असलेल्या जगांपैकी हेच सर्वोत्तम, असे जर्मन तत्त्वज्ञ लाइब्निट्सने १७१० मध्ये मांडले होते. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सणाच्या सकाळी चर्च भाविकांनी भरलेली असताना पोर्तुगालमधील लिस्बन शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले आणि फ्रेंच लेखक व्होल्तेअरने त्या मताची कठोर झाडाझडती घेतली. व्याख्याते एवढे बोलून थांबले, तेव्हा मागच्या रांगेतील एका आजोबांनी विचारले, “सर, मग आमच्या किल्लारीचं काय?” गणपती विसर्जनाच्या रात्री निजलेली गावे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली, हे पाहिलेली माणसे समोर बसली होती. सरांनी घाईने उत्तर दिले नाही; ठरलेला विषय बाजूला ठेवून अर्धा तास सर्वांना बोलू दिले. त्या अर्ध्या तासासाठी मी त्यांचा ऋणी आहे.

जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहाउअरवरील सत्रही सरस होते. इच्छा अपुरी राहिली तर वेदना आणि पुरी झाली तर कंटाळा, हे त्याचे म्हणणे साध्या उदाहरणांनी उलगडले. औरंगजेबाचा थोरला भाऊ दारा शुकोह याने १६५७ मध्ये फारसीत आणलेली उपनिषदे पुढे लॅटिनमधून याच तत्त्वज्ञाच्या हाती पोहोचली. दाराचा जीव घेणाऱ्या औरंगजेबाची कबर मात्र आपल्या खुलताबादेत आहे, हे ऐकून मी बराच वेळ अस्वस्थ होतो.

माझी तक्रार बुद्धाविषयी आहे. अजिंठा ज्या मराठवाड्यात आहे, तेथे बुद्धाला दहा मिनिटांत निराशावादी ठरवून पुढे जाणे मला पटले नाही, कारण पहिले आर्यसत्य दुःखाचे असले तरी तिसरे दुःखनिरोधाचे, म्हणजे दुःख संपण्याचे, आणि चौथे त्याकडे नेणाऱ्या मार्गाचे आहे. शोपेनहाउअरही करुणेतून आणि इच्छेच्या त्यागातून सुटकेची वाट दाखवतो, त्यामुळे दोघांची तुलना एक पूर्ण रविवार मागत होती. शेवटचे सत्र त्यासाठी सहज देता आले असते. त्यात केवळ नावांची उजळणी झाली. अभिप्रायाच्या कागदावर मी हे सविस्तर लिहून दिले आहे आणि पुढच्या वर्गासाठी नावही नोंदवले आहे.