सीए इंटर ग्रुप 2 : ऑडिटची पेनड्राइव्ह लेक्चर्स घेण्याआधी

सप्टेंबर 2024 च्या अटेम्प्टला ग्रुप 2 मध्ये माझे 147 आले. कॉस्टिंग 46, ऑडिट 42, एफएम-एसएम (फायनान्शियल आणि स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट) 59. प्रत्येक पेपरात 40 लागतात, ते होते. पण तिन्ही मिळून 150 हवेत. तीन मार्कांनी ग्रुप गेला. एफएम-एसएमला 60 पडले असते तर निदान एक्झेम्प्शन, म्हणजे तो पेपर पुन्हा देण्यातून सूट, मिळालं असतं, तेही एका मार्काने हुकलं. त्या रात्री आई काहीच बोलली नाही, नुसती शेजारी बसून राहिली.

ऑडिटसाठी मी एका क्लासची पेनड्राइव्ह लेक्चर्स घेतली होती, साडेआठ हजारांना. सर शिकवतात छान, दीडपट वेगानेही सगळं कळतं. पण प्रत्येक लेक्चर दोनदाच बघता येतं, आणि मध्येच लाइट गेली तरी तो एक व्ह्यू धरला जातो. फोन केला तर तीन दिवस कुणी उचलला नाही. याचा मला अजून राग येतो, कारण ते पैसे बाबांच्या ओव्हरटाइमचे होते.

खरं नुकसान केलं ते त्या क्लासच्या नोट्सनी. एसए 505 घ्या, म्हणजे बाहेरच्यांकडून लेखी खात्री करून घेण्याबद्दलचं ऑडिटचं मानक. मॅनेजमेंटने डेटर्सना (कंपनीचे पैसे देणं असलेल्यांना) कन्फर्मेशनचं पत्र पाठवू दिलं नाही, तर ऑडिटरने काय करायचं? नोट्समध्ये एकच ओळ होती : पर्यायी तपासणी करा. मी तेवढंच लिहून आले. आयसीएआयच्या, म्हणजे सीएची परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या, मॉड्यूलमध्ये (अभ्यासाच्या पुस्तकात) हेच पायरीपायरीने आहे. आधी नकाराचं कारण विचारायचं, त्याला आधार आहे का ते तपासायचं, रिस्कवर काय परिणाम होतो ते बघायचं, मग पर्यायी तपासणी. नकार अवाजवी वाटला तर मॅनेजमेंटवर देखरेख ठेवणाऱ्यांना, म्हणजे संचालक मंडळासारख्यांना, कळवायचं. उत्तर भरतं ते या पायऱ्यांनी.

जानेवारी 2025 साठी पेनड्राइव्ह कपाटात ठेवली. मॉड्यूल, आरटीपी (रिव्हिजन टेस्ट पेपर), एमटीपी (मॉक टेस्ट पेपर), सगळं संस्थेच्या साइटवर फुकट मिळतं. 100 पैकी 30 मार्क एमसीक्यूचे (पर्याय निवडायच्या प्रश्नांचे), निगेटिव्ह मार्किंग नाही. तेवढ्यासाठी रोज सकाळी एक केस सिनारिओ सोडवला. ऑडिटला 58 आले, ग्रुप निघाला. आता आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालचं प्रशिक्षण) सुरू आहे, तीही नव्या योजनेत तीनऐवजी दोनच वर्षांची.

नोकरी सांभाळून अभ्यास करणाऱ्यांना ही लेक्चर्स उपयोगी पडतील, पण फक्त विषय समजण्यापुरती. घेणार असाल तर व्ह्यूज किती, लाइट गेल्यावर काय आणि लेक्चर मे 2024 पासूनच्या नव्या योजनेचं आहे का, हे आधी व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या.